दर शुक्रवारी सर्व्हरचं घड्याळ आठ मिनिटं मागे: कारण कसं सापडलं आणि वेळ कायमची कशी बसवली

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचंही दुखणं हेच आहे का ते ताडून बघता येईल.

भोसरी एमआयडीसीतलं एक छोटं मशीन शॉप. वीस-बावीस कॉम्प्युटर आणि एक टॉवर सर्व्हर. सर्व्हरवर विंडोज सर्व्हर, त्यावर हायपर-व्ही (एकाच सर्व्हरच्या पोटात अनेक कॉम्प्युटर चालवणारं विंडोजचं सॉफ्टवेअर), आणि आत दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे असे पोटातले कॉम्प्युटर: एक डोमेन कंट्रोलर (ऑफिसमधल्या सगळ्यांचं लॉगिन तपासणारा), दुसरं अकाउंट्सचं. ड्रॉइंग आणि सीएनसी प्रोग्रामच्या फाइलींसाठी लिनक्सचा वेगळा डबा आहे. त्यावर सांबा (लिनक्सवरच्या फाइली विंडोजच्या कॉम्प्युटरना देणारं सॉफ्टवेअर) चालतं आणि तो डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सामायिक लॉगिनच्या व्यवस्थेला, जोडलेला आहे. गेटवर अंगठ्याचं पंचिंग मशीन, शेडमध्ये सीसीटीव्ही.

तक्रार अशी, की शुक्रवारी सकाळी ड्रॉइंगचं फोल्डर उघडत नाही. कधी पासवर्ड पुन्हा पुन्हा मागतं, तर कधी क्लायंट आणि सर्व्हरच्या वेळेत फरक आहे असं सांगतं. मग अकाउंट्समधलं कोणीतरी मोबाइल बघून सर्व्हरचं घड्याळ पुढे करतं, दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि पुढचा आठवडा शांततेत जातो. पुन्हा शुक्रवार उजाडला की तेच. तीन महिने असं चाललं होतं.

पहिल्या खेपेला मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. डोमेन कंट्रोलरवर बाहेरच्या टाइम सर्व्हरचं नाव टाकलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली, घड्याळ बरोबर दिसलं, निघालो. पुढच्या शुक्रवारी साडेनऊला फोन. माझी चूक ही, की घड्याळ चुकलंय एवढंच पाहिलं. किती चुकलंय, कधी चुकतं आणि दुरुस्त केल्यावर परत कुठे जातं, हे विचारलंच नाही. या दुखण्यात निम्मं निदान त्या तीन उत्तरांतच असतं.

मस्टरमधला पुरावा

दुसऱ्या खेपेला पहिल्या पाळीचे सुपरवायझर मस्टरची प्रिंट घेऊन आले. "साहेब, तुम्ही घड्याळाचं बघताय ना? मग हेही बघा. आमची पोरं फक्त शुक्रवारीच लवकर कशी जातात हो?"

प्रिंटवर शुक्रवारच्या रकान्यात सलग लाल खुणा होत्या. पाळी ७ ते ३.३०. भोंगा वाजल्यावर मिनिटभरात सगळे पंच करतात, म्हणजे ३.३१ दिसायला हवं. दिसत होतं ३.२३. सगळ्यांचंच, आणि फक्त शुक्रवारी. तीन वेळा लवकर गेल्याची नोंद झाली की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, असा तिथला नियम. घड्याळ चुकत होतं आणि पगार ऑपरेटरचा जात होता. आतापर्यंत हे काम माझ्यासाठी एक तांत्रिक तक्रार होती, त्या प्रिंटनंतर ती तशी राहिली नाही.

मग मागच्या महिन्यांच्या प्रिंट मागवल्या. पाच महिन्यांपूर्वी शुक्रवारची सुटण्याची वेळ ३.२९ होती, तीन महिन्यांपूर्वी ३.२६, आता ३.२३. म्हणजे घड्याळ आधी दोन मिनिटं मागे पडत होतं, मग पाच, आता आठ. दुखणं तीन महिन्यांचं नव्हतं, बरंच जुनं होतं. तीन महिन्यांपूर्वी फक्त पाच मिनिटांची हद्द ओलांडली गेली.

ही हद्द कर्बेरॉसची. विंडोज डोमेनमध्ये ओळख पटवायला कर्बेरॉस वापरतात. त्यात प्रत्येक विनंतीवर वेळेचा शिक्का असतो, कोणी जुनी विनंती पकडून पुन्हा वापरू नये म्हणून. दोन मशीनच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला की विनंती नाकारली जाते. इथे लिनक्सचा डबा इंटरनेटवरून बरोबर वेळ घेत होता आणि विंडोजचे सगळे कॉम्प्युटर डोमेन कंट्रोलरची चुकीची वेळ घेत होते. चार मिनिटं पन्नास सेकंदांपर्यंत सगळं निमूट चाललं, त्यानंतर दार बंद. सांबाच्या लॉगमध्ये 'क्लॉक स्क्यू टू ग्रेट' (घड्याळांतला फरक फार मोठा) असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण तो लॉग कोणी उघडलेला नव्हता. बिघाड असलेला विंडोज सर्व्हर ठणठणीत वाटत होता आणि बरोबर वेळ सांगणाऱ्या लिनक्सवर सगळ्यांचा संशय. "लिनक्सचा डबा काढून टाकू या का?" इथवर गोष्ट गेली होती.

एकाच शेडमध्ये दोन वेळा म्हटलं की आपल्या मुंबईची आठवण होते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईत स्थानिक 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. माणसं असा फरक मनात हिशेब करून निभावतात. कर्बेरॉसला हिशेब करता येत नाही.

चूक कशा आकाराची आहे ते आधी बघा

ही केस पुढे नेण्याआधी माझा अनुभव सांगतो, कारण तुमचं कारण वेगळं असू शकतं.

फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सिंक्रोनायझेशनकडे, म्हणजे घड्याळ दुसऱ्या घड्याळाशी जुळवण्याकडे, बघूच नका, तो टाइमझोनचा प्रश्न आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स सहसा यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, ठेवतं. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. कोणी बॅकअपसाठी सर्व्हर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून चालू केला आणि त्याने मदरबोर्डवर यूटीसी लिहून ठेवली, की विंडोज साडेपाच तास मागे उठतं. तारीख थेट काही वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डचा सेल पूर्ण मेलाय. रोज एक-दोन सेकंदांनी हळूहळू सरकत असेल तर सिंक होतच नाहीये. साध्या क्वार्ट्झ घड्याळाची चूक दशलक्षात वीस भाग धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, वर्षाला दहा मिनिटं. आणि तुम्ही घड्याळ बरोबर केल्यावर काही मिनिटांत, कधी काही सेकंदांत, ते परत चुकीच्या जागी जात असेल, तर दुसरं कोणीतरी ते लिहितंय. त्या दुसऱ्याला शोधायचं.

आमच्याकडे दोन खुणा एकत्र होत्या. डोमेन कंट्रोलरवर घड्याळ पुढे केलं की थोड्याच वेळात मागे यायचं, पण मूळ सर्व्हरवर, म्हणजे ज्यावर हायपर-व्ही चालतं त्यावर, केलं की टिकायचं. आणि चुकायचं फक्त गुरुवारनंतर.

भोसरीत गुरुवारी सुट्टी. बुधवारी रात्री आठला सर्व्हर बंद करून मेन स्विच पाडतात. शुक्रवारी पहाटे साडेपाचला वॉचमन स्विच वर करतो आणि सर्व्हर आपोआप चालू होतो. मधले साधारण ३३ तास सर्व्हरला वीज नसते, यूपीएसचीही नाही. इतर रात्री सर्व्हर बंद केला तरी प्लगमधून स्टँडबायची वीज मिळत राहते आणि मदरबोर्डचं घड्याळ त्यावर चालतं. गुरुवारी मात्र ते फक्त सेलवर असतं, ते नाण्याएवढे सीआर२०३२ असतात त्यावर. सेल कमजोर झाला की घड्याळ लगेच शून्यावर जात नाही, आधी मंद चालतं. चांगल्या सेलवर ३३ तासांत दोन-तीन सेकंदांचा फरक पडावा, इथे आठ मिनिटांचा पडत होता. सेल काढून मल्टिमीटर लावला तर २.५ व्होल्ट, नवा ३.२ दाखवतो. मस्टरमध्ये दोन, पाच, आठ असं जे वाढत गेलं होतं, तो सेलचा उतरता व्होल्टेज होता.

पण नुसता सेल बदलून थांबलो असतो तर काम अर्धवट राहिलं असतं. सेलमुळे सकाळी घड्याळ चुकीचं उठलं हे ठीक आहे, उठल्यावर मिनिटभरात ते बाहेरून सुधारायला हवं होतं. ते का सुधारलं नाही?

वेळ येते कुठून, हे विचारायची कमांड

इथून पुढे कमांड आहेत. फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या, आणि कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा.

डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /सोर्स

एवढीच ओळ, पण सगळ्यात मोलाची. डोमेन कंट्रोलरवर दिली तर उत्तर आलं: 'व्हीएम आयसी टाइम सिंक्रोनायझेशन प्रोव्हायडर'. म्हणजे हे व्हर्च्युअल मशीन वेळ घेत होतं हायपर-व्हीच्या मूळ सर्व्हरकडून. मग मूळ सर्व्हरवर तीच कमांड दिली. उत्तर: डोमेन कंट्रोलरचं नाव.

दोघं एकमेकांना वेळ विचारत होते. मूळ सर्व्हर डोमेनचा सदस्य, म्हणून नियमाप्रमाणे डोमेन कंट्रोलरकडे बघणार. डोमेन कंट्रोलर त्याच सर्व्हरच्या पोटात, म्हणून हायपर-व्हीच्या सोयीप्रमाणे सर्व्हरकडे बघणार. बाहेरची खरी वेळ या वर्तुळात शिरायला वाटच नव्हती. सकाळी सर्व्हर जी चुकीची वेळ घेऊन उठेल, तीच दोघं एकमेकांना बरोबर म्हणून सांगणार, आणि बाकी वीस कॉम्प्युटर त्यांच्यावर विश्वास ठेवणार. पंचिंगचं सॉफ्टवेअर पहाटे सहाला एकदाच सर्व्हरची वेळ मशीनला देतं, त्यामुळे दुपारी घड्याळ दुरुस्त झालं तरी मशीन दिवसभर मागेच.

छोट्या ऑफिसात एकच सर्व्हर असतो, त्यावरच हायपर-व्ही आणि त्यातच डोमेन कंट्रोलर. त्यामुळे हे वर्तुळ फार ठिकाणी आहे. सेल चांगला असेपर्यंत दिसत नाही, इतकंच.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग उघडून 'टाइम-सर्व्हिस'च्या नोंदी बघा. आमच्याकडे प्रत्येक वेळी सर्व्हर चालू झाला की इव्हेंट १२ पडलेला होता. त्याचा मथितार्थ: हे मशीन डोमेनच्या उतरंडीतून वेळ घ्यायला लावलंय, पण उतरंडीच्या माथ्यावर हेच बसलंय, याच्या वर कोणीच नाही. विंडोज हे कित्येक वर्षं लिहीत होतं.

अडथळा फायरवॉलचा

मी पहिल्या खेपेला टाकलेलं टाइम सर्व्हरचं नाव का चाललं नाही, ते ही कमांड सांगते:

डब्ल्यू३२टीएम /स्ट्रिपचार्ट /कॉम्प्युटर:समय१.एनआयसी.इन /सॅम्पल्स:५ /डेटाओन्ली

ही घड्याळाला हात लावत नाही. समोरच्या टाइम सर्व्हरची वेळ विचारते आणि फरक सेकंदांत दाखवते. चाललं तर पाच आकडे येतात. आमच्याकडे पाचही ओळींत एररचा कोड आला, ०एक्स८००७०५बी४. हा टाइमआउट. नाव सापडलं, पण उत्तर परत आलं नाही.

एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ विचारायची पद्धत, यूडीपी पोर्ट १२३ वर चालते. ऑफिसच्या फायरवॉलमध्ये वेब, मेल आणि डीएनएस एवढंच बाहेर जायला मोकळं होतं, बाकी बंद. ही शिस्त चांगलीच आहे, मी ती मोडली नाही. फक्त एक नियम वाढवला: मूळ सर्व्हर, डोमेन कंट्रोलर आणि लिनक्सचा डबा, या तीन आयपींना बाहेरच्या यूडीपी १२३ पर्यंत जाऊ द्यायचं. लिनक्सच्या डब्याला आधीपासून वेगळी परवानगी होती, म्हणून तोच एकटा बरोबर वेळ सांगत होता. बाकी कॉम्प्युटरना बाहेर जायची गरज नाही, ते डोमेन कंट्रोलरला विचारतील.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बाहेरून आत पोर्ट १२३ कधीही उघडू नका, पोर्ट फॉरवर्डिंगही नको. २०१३च्या अखेरीस आणि २०१४च्या सुरुवातीला असेच उघडे एनटीपी सर्व्हर वापरून तिऱ्हाइतांवर प्रचंड ट्रॅफिकचे हल्ले झाले होते. छोटी विनंती पाठवायची, तिला मोठं उत्तर येतं, आणि ते उत्तर दुसऱ्याच्या पत्त्यावर वळवायचं, अशी ती युक्ती. वेळ घ्यायला आतून बाहेर जाणं पुरतं, उत्तर त्याच वाटेने परत येतं.

वेळ कोणाकडून घ्यायची

भारतात यासाठी घरचे स्रोत आहेत. भारतीय प्रमाणवेळ राखायचं काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे, एनपीएलकडे आहे. तिथे सिझियमची आणि हायड्रोजन मेझरची अणुघड्याळं चालतात. त्यांचा टाइम सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग. एनआयसीचे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे, दोन आहेत, समय१.एनआयसी.इन आणि समय२.एनआयसी.इन.

ही नावं वापरायला आणखी एक कारण आहे. सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत कंपन्यांनीही आपल्या सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या, किंवा त्यांच्याशी जुळणाऱ्या टाइम सर्व्हरशी जोडावीत असं म्हटलं आहे. लॉग १८० दिवस ठेवायचे हेही त्यातच आहे. लघुउद्योगांना मुदत वाढवून २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत दिली होती, तीही कधीच उलटून गेली. पुष्कळ छोट्या मालकांना वाटतं की हे मोठ्या कंपन्यांसाठी आहे. तसं नाही.

एकच नाव टाकू नका. आणि दोन टाकली तर त्यांच्यात फरक पडल्यावर कोण खरं ते ठरवता येत नाही. तीन ही किमान, चार असतील तर एक बंद पडलं तरी निकाल लागतो. आणखी एक पथ्य: काही मोठ्या कंपन्यांचे सार्वजनिक टाइम सर्व्हर लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवायला अधूनमधून वाढवलेला एक सेकंद) एकदम न देता दिवसभरात पसरून देतात. तसे आणि साधे सर्व्हर एकाच यादीत मिसळू नका. शेवटचा लीप सेकंद २०१६च्या ३१ डिसेंबरला दिला गेला, त्यामुळे आज फरक दिसणार नाही, पण यादी एकदा केली की वर्षानुवर्षं तशीच राहते.

दुरुस्ती, ज्या क्रमाने केली

आधी सेल. कॅबिनेट उघडण्याआधी बायोसच्या (मदरबोर्डच्या सेटिंगच्या) प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की बायोस मूळ सेटिंगवर जाऊ शकतं. त्यात डिस्कचा मोड रेडचा (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायचा) असेल आणि तो बदलला, तर सर्व्हर बूटच होणार नाही आणि डेटा गेला या धास्तीने लोक भलतंच काही करून बसतात. दुसरं सेटिंग, वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचं. तेही उडतं. ते परत लावलं नाही तर शुक्रवारी पहाटे सर्व्हर उठणार नाही आणि तुम्हाला वाटेल नवीनच बिघाड झाला. सेल घालून फोटोंवरून सगळं पुन्हा जुळवून घेतलं.

मग मूळ सर्व्हर, हायपर-व्हीवाला. त्याला डोमेन कंट्रोलरकडे बघणं सोडायला लावून थेट बाहेर जोडला:

डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग /मॅन्युअलपीअरलिस्ट:"समय१.एनआयसी.इन,०एक्स८ समय२.एनआयसी.इन,०एक्स८ टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग,०एक्स८" /सिंकफ्रॉमफ्लॅग्ज:मॅन्युअल /अपडेट

नावांच्या मध्ये फक्त स्पेस, आणि पूर्ण यादी एकाच अवतरणचिन्हात. प्रत्येक नावामागचा ०एक्स८ म्हणजे आपण क्लायंट म्हणून विचारतोय. तो नसेल तर विंडोज बरोबरीच्या नात्याने विचारू शकतं आणि काही सर्व्हर अशा विनंतीला उत्तर देत नाहीत.

मग डोमेन कंट्रोलर. तिथे आधी हायपर-व्हीकडून येणारी वेळ बंद केली. रजिस्ट्रीत एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, डब्ल्यू३२टाइम, टाइमप्रोव्हायडर्स, व्हीएमआयसीटाइमप्रोव्हायडर असं उतरत जायचं आणि 'एनेबल्ड'ची किंमत ० करायची. त्यानंतर वरचीच कमांड, फक्त /अपडेटच्या आधी /रिलायबल:येस जोडून. बाकी डोमेनने माझ्यावर विसंबावं, असं तो त्यामुळे जाहीर करतो. एकाहून जास्त डोमेन कंट्रोलर असतील तर हे पीडीसी एम्युलेटरची, म्हणजे डोमेनला वेळ देणाऱ्या मुख्य कंट्रोलरची, भूमिका असलेल्यावरच करायचं. ती कुणाकडे आहे ते 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' सांगते.

दोन्हीकडे मग:

नेट स्टॉप डब्ल्यू३२टाइम
नेट स्टार्ट डब्ल्यू३२टाइम
डब्ल्यू३२टीएम /रीसिंक /रीडिस्कव्हर

तारीखच वर्षानुवर्षं मागे गेली असेल तर /रीसिंक नकार देईल. डोमेन कंट्रोलर ४८ तासांहून मोठी दुरुस्ती आपणहून मान्य करत नाही. आधी हाताने तारीख जवळपास आणा, मग सिंक करा.

घड्याळ मागे पडलेलं असेल तर पुढे ढकलायला फारशी भीती नाही. पुढे गेलेलं असेल आणि मागे आणायचं असेल, तर आधी अकाउंट्सचं सॉफ्टवेअर आणि डेटाबेस बंद करा. एकच मिनिट दोनदा आलं की नोंदींचा क्रम उलटसुलट होतो आणि तो नंतर निस्तरणं फार जिकिरीचं असतं. हे काम मी रात्री, सगळे गेल्यावरच करतो.

शेवटचं, बुधवारी रात्री सर्व्हर बंद होताना व्हर्च्युअल मशीन 'सेव्ह' होत होती, म्हणजे आहे त्या क्षणी गोठत होती. हायपर-व्हीच्या सेटिंगमध्ये ते बदलून 'शट डाउन' केलं. डोमेन कंट्रोलर गोठवून ३३ तासांनी जागा करण्यापेक्षा नीट बंद करून नीट चालू झालेला बरा.

लिनक्सच्या डब्यावर

तुमच्याकडे डोमेनच नसेल, एकच लिनक्स सर्व्हर असेल, तर काम बरंच सोपं आहे. क्रोनी हे लिनक्सवर घड्याळ जुळवणारं सॉफ्टवेअर वापरा. डेबियन किंवा उबुंटूवर त्याची फाइल ईटीसीमधल्या क्रोनी फोल्डरात, क्रोनी.कॉन्फ नावाने असते. त्यात एवढ्या ओळी पुरतात:

सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर समय२.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग आयबर्स्ट
पूल इन.पूल.एनटीपी.ऑर्ग आयबर्स्ट मॅक्ससोर्सेस २
मेकस्टेप १.० ३
आरटीसीसिंक
अलाउ १९२.१६८.१.०/२४
लोकल स्ट्रॅटम १०

'मेकस्टेप' म्हणजे पहिल्या तीन दुरुस्त्यांत एक सेकंदाहून जास्त फरक असेल तर घड्याळ एकदम उडी मारेल, नंतर मात्र हळूहळू सरकवत नेईल. 'आरटीसीसिंक' बरोबर वेळ मदरबोर्डच्या घड्याळातही उतरवत राहतं. 'अलाउ'मुळे ऑफिसमधली बाकी यंत्रं या डब्याला वेळ विचारू शकतात, तिथे आपल्या नेटवर्कची रेंज टाका. 'लोकल' ओळ इंटरनेट गेल्यावरही आतल्यांना एकच वेळ मिळत राहावी म्हणून. ही ओळ ऑफिसात एकाच डब्यावर ठेवा.

मग 'क्रोनीसी सोर्सेस' द्या. ज्या नावाआधी चांदणी दिसेल त्याच्याकडून वेळ घेतली जातेय. प्रश्नचिन्ह म्हणजे उत्तर येत नाही, फुली असलेला स्रोत इतरांशी जुळत नाही म्हणून बाजूला ठेवलाय. 'रीच'च्या रकान्यात ३७७ हा आकडा हवा. तो अष्टमान पद्धतीत असतो. शेवटच्या आठ विचारण्यांपैकी आठही सफल झाल्या की ३७७. नुकतं चालू केलं असेल तर १, ३, ७, १७ असं वाढत जातं. अर्ध्या तासानंतरही तो ३७७ वर टिकत नसेल, मध्येच २७७ किंवा ३५७ दिसत असेल, तर नेटवर्कवर डेटाची पाकिटं गळताहेत. राउटर आणि केबलकडे बघा.

पंचिंग मशीन आणि सीसीटीव्ही

पंचिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ द्यायची सेटिंग दिवसातून एकदाऐवजी दर तासाला केली. सर्व्हर उठतो पहाटे साडेपाचला आणि सॉफ्टवेअर वेळ देतं सहाला. अर्धा तास भरपूर आहे, तरी त्या एका क्षणावर पगार अवलंबून ठेवायचा नव्हता. मस्टरच्या प्रिंट आणि सांबाचा लॉग शेजारी ठेवून मी मालकांना सगळा प्रकार दाखवला. त्यांनी मागच्या महिन्यांतली शुक्रवारची कपात परत केली.

सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचं घड्याळ तर वेगळंच निघालं, अकरा मिनिटं पुढे. फुटेज कधी पोलिसांनी मागितलं तर मस्टर एक सांगेल आणि कॅमेरा दुसरं. त्याच्या नेटवर्कच्या मेनूत एनटीपी चालू करून सर्व्हरच्या जागी डोमेन कंट्रोलरचा आयपी टाकला. तिथे टाइमझोन जीएमटी+५:३० निवडायला विसरू नका. एनटीपी नेहमी यूटीसी देतं, साडेपाच तास मिळवायचं काम रेकॉर्डरचं. 'डेलाइट सेव्हिंग'ची खूण असेल तर काढून टाका.

पुढच्या शुक्रवारी

मी सकाळी सहाला तिथे होतो. मेन स्विच वर होऊन अर्धा तास झाला होता. मूळ सर्व्हरवर आणि डोमेन कंट्रोलरवर 'डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस /व्हर्बोज' दिली. दोन्हीकडे सोर्स समय१.एनआयसी.इन, आणि फेज ऑफसेट, म्हणजे बाहेरच्या वेळेशी फरक, एका सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. एका क्लायंट कॉम्प्युटरवर सोर्स विचारला, तर डोमेन कंट्रोलरचं नाव. लिनक्सच्या डब्यावर 'रीच' ३७७. पावणेसातला पहिला ऑपरेटर आला, त्याने अंगठा लावला, आणि मशीनवर दिसलेली वेळ सुपरवायझरांनी स्वतःच्या मोबाइलशी मिळवून पाहिली.

नव्या सेलवर नाही, पण कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागदी टेप लावून त्यावर सेल बदलल्याची तारीख लिहिली आहे. दर तीन महिन्यांनी एकदा, शुक्रवारी सकाळी, सर्व्हरला नेटवर्क जोडण्याआधी बायोसमधलं घड्याळ मोबाइलशी ताडून बघायचं आणि फरक त्याच टेपवर लिहायचा. दहा सेकंदांच्या वर गेला की सेल बदलायचा.